महारोबोट उंचीवर नाही, खुब्यावर पारखा

सुटे खेळण्यातले रोबोट जोडून होणाऱ्या महारोबोटची पारख बहुतेक जण उंचीवर करतात. माझ्या मते खरा कस लागतो तो खुब्या-घोट्याच्या सांध्यांचा. सगळा भार तिथेच येतो. १९८५चा डिव्हास्टेटर हा महारोबोट सहा बांधकामयंत्रांचा, पण मुठी सुट्या; हरवल्या की बोंबला! २०१५चा हॅस्ब्रो कंपनीचा डिव्हास्टेटर चांगला दीड फुटी, तरी त्यातल्या सुट्या रोबोटांचे हात कोपरात वाकत नाहीत. टाकारा टोमी कंपनीने जपानी आवृत्तीत ती सोय दिली. म्हणजे आकार तोच, दर्जा वेगळा.

‘शोकेसमध्येच ठेवायचाय, सांधे कशाला बघायचे?’ असं कुणी म्हणेल. अहो, ढिल्या खुब्याचा रोबोट शोकेसमध्येच तर हळूहळू पुढे झुकतो. घेताना एक पाय पुढे टाकून उभा करा, सांधा फिरवताना कटकट आवाज येतो का ऐका. नुसत्या घर्षणावर धरलेला सांधा झिजून सैल पडतो. कटकट करणारा दातेरी सांधा वजन पेलतो.