सूटमधली हवा कोणत्या टाकीची?

ड्रायसूटमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरू देणाऱ्या डायव्हिंगच्या सूटमध्ये, ऊब टिकते ती आतल्या हवेमुळे. खोल जाताना ही हवा दबते, सूटच्या घड्या अंगाला चिमटे काढू लागतात. मग छातीवरचं बटण दाबून हवा भरावी लागते. ती राखीव टाकीतून घेतली, तर गारठ्यात मुख्य रेग्युलेटर गोठला तरी सूट फुगवता येतो. हा मोठाच आधार.

खर्च किती? सूटमध्ये १० लिटर हवा धरा. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे आणखी ३० लिटर. ३ लिटरच्या राखीव टाकीत काटा १० बारने उतरतो. वर-खाली केलं की पुन्हा तेवढाच. टाकीत हेलियममिश्रित वायू असेल, तर तो मात्र सूटमध्ये नकोच. हेलियम हवेच्या जवळजवळ सहापट उष्णता वाहून नेतो.

ही राखीव टाकी संकटातल्या श्वासांसाठी आहे. तिचाही काटा पाहत राहा.