विहिरीतील हवा आणि वायूंचे धर्म

आटगाव हे शहापूर तालुक्यातील, मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील गाव. या भागात पावसाळ्यात पाण्याची उणीव नसते. परंतु चैत्र-वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागतात आणि गाळ काढण्यासाठी माणसे आत उतरतात. अशा वेळी वायूंचे साधे धर्म ठाऊक असतील तर प्राण वाचतात.

याच मार्गावरील कल्याण (पूर्व) येथे १ नोव्हेंबर २०१८ रोजी विहीर साफ करण्यास उतरलेला कामगार वर आला नाही. त्याच्या शोधार्थ पिता-पुत्र उतरले. त्यांच्यामागून अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. पाचही जण मृत्यू पावले.

अशा मृत्यूंचा दोष पूर्वी आसरांना दिला जाई. खरे कारण वायूंच्या धर्मांत आहे. विहिरीत पडलेला पालापाचोळा कुजताना प्राणवायू खर्च होतो व कर्बाम्ल वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, उत्पन्न होतो. सामान्य तापमानास १ लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, तर या वायूचे सुमारे १.८ ग्रॅम भरते. म्हणून तो तळाशी साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. वायू एकमेकांत आपोआप मिसळतात हे खरे. परंतु जेथे वारा पोचत नाही अशा खोल विहिरीत ही क्रिया अतिशय मंद चालते. त्यातच उन्हाळ्यात बाहेरची हवा तापून हलकी होते आणि आतील थंड, जड हवा हालत नाही.

दुसरा धर्म दाबाचा. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबावा. हवा आकसते, सोडताच प्रसरण पावते. तापमान स्थिर असता दाब निम्मा केल्यास वायूचे आकारमान दुप्पट होते, हा नियम रॉबर्ट बॉईल याने १६६२ साली मांडला. पावसाळी हवेत वातावरणाचा दाब उतरला की जमिनीच्या भेगांतील वायू प्रसरण पावून विहिरीत शिरतो. म्हणून काल निर्धोक असलेली विहीर आज निर्धोक असेलच असे नाही.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पुढील गोष्टी शेतकरी बंधूंना समजावून द्याव्यात :

१. उतरण्यापूर्वी वायुमापक यंत्राने हवा तपासावी. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, तो १९.५ टक्क्यांहून कमी आढळल्यास उतरू नये.

२. दोरीने सोडलेला कंदील विझला तर धोका निश्चित समजावा. परंतु तो जळत राहिला म्हणजे हवा शुद्ध, असे नव्हे. विषारी वायू ज्योतीस कळत नाहीत. शेणाच्या खड्ड्याजवळ तर ज्योत नेऊच नये. तेथील वायू पेट घेतो.

३. पंख्याने नळीवाटे तळापर्यंत ताजी हवा सोडावी. डिझेल इंजिन विहिरीत चालवू नये.

४. कमरेस दोर बांधल्यावाचून कोणीही उतरू नये. दोर धरण्यास वर किमान दोन माणसे असावीत.

५. आतील मनुष्य बेशुद्ध पडल्यास मागोमाग उतरू नये. दोराने ओढावे व ११२ क्रमांकावर कळवावे.

९ एप्रिल २०२४ रोजी नेवासे तालुक्यातील वाकडी येथे, शेण साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजरास वाचविण्यासाठी एकामागून एक सहा जण उतरले. पाच दगावले. जो वाचला, त्याच्या कमरेस दोर होता.