विसमपरिहार : रोगाचे एक उपेक्षित कारण

दीर्घ आजाराने अंथरुणास खिळलेल्या माणसाला भेटावयास आलेले लोक ‘पूर्वजन्मीचे भोग’ हे शब्द सहज उच्चारून जातात. या समजुतीला बुद्धवचनाचाच आधार आहे, असे मानणारेही आढळतात. पालि वाङ्मय मात्र निराळे सांगते.

संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात मोळियसीवक हा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात भगवंतांना नेमके हेच विचारतो. माणसाची सर्व सुखदुःखे पूर्वकृत कर्मामुळेच होतात, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? उत्तरादाखल भगवंत वेदनांची आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, तिहींचा सन्निपात, ऋतुपालट, विसमपरिहार, बाह्य आघात आणि कर्मविपाक. आठांत कर्म एकच, तेही अखेरचे. सारा भार कर्मावर टाकणारे लोक स्वानुभव आणि लोकमान्य सत्य या दोहोंनाही सोडून बोलतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. त्रिदोषांची परिभाषा त्या काळच्या वैद्यकाची आहे. ती आज जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही. महत्त्व आहे ते कारणे शोधण्याच्या दृष्टीला.

यांतील ‘विसमपरिहार’ हा शब्द मराठी वाचकाला चकवतो. आपल्याकडे परिहार म्हणजे निवारण. येथे त्याचा अर्थ देहाचा सांभाळ असा आहे. तो सांभाळ विषम झाला की रोग येतो. अट्ठकथेत अतिभार वाहणे, अवेळी हिंडताना सर्पदंश होणे अशी अगदी साधी उदाहरणे दिली आहेत.

सम परिहार कसा असावा, हे अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात विखुरलेले आहे. मानवेल तेच करावे, मानवणाऱ्या गोष्टीतही मात्रा ओळखावी, पचेल ते खावे, वेळेचे भान ठेवावे. ब्रह्मचर्यासह या गोष्टी आयुष्य वाढविणाऱ्या म्हटल्या आहेत. चंक्रमणाच्या, म्हणजे येरझाऱ्यांच्या, पाच लाभांत अन्नपचन आणि निरोगीपणा येतात. दातवण न केल्यास तोंडाला दुर्गंधी येते आणि अन्नाची रुची जाते, असेही तेथे आहे. विनयपिटकाने तर दातवणाची लांबीसुद्धा ठरविली : किमान ४ अंगुळे, कमाल ८. फार आखूड दातवण एका भिक्खूच्या घशात अडकले, म्हणून हा किमान नियम!

मात्रेचा प्रश्न राजालाही सुटला नव्हता. कोसलनरेश पसेनदि द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला. मिताहारावरची गाथा ऐकून त्याने सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करावयास लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्यासाठी रोज १०० कहापण देऊ केले. आहार एकदम तोडला नाही. हळूहळू तो नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले. वैद्याचा सल्ला पाळताना घरातील कोणीतरी आठवण देणारे असावे लागते, हे त्याने ओळखले होते.

दिनचर्या सांभाळूनही आजार येतोच, हे विनयाला ठाऊक आहे. महावग्गात शुश्रूषेस कठीण अशा रुग्णाची लक्षणे दिली आहेत : न मानवणारे करणे, मात्रा न जाणणे, औषध न घेणे, वेदना सहन न करणे आणि आपला आजार वाढतो आहे की उतरतो आहे, हे हितचिंतक शुश्रूषकाला खरे न सांगणे.