सर्व्हरची सिस्टीम डिस्क गेली? घाबरू नका, पण घाईही करू नका



समजा, तुमच्या कारखान्यात तीन सर्व्हरचा प्रॉक्समॉक्स क्लस्टर आहे. त्यावर टॅली, बिलिंग आणि स्टॉकची व्हर्च्युअल मशीन्स चालतात. तारीख 19, उद्या जीएसटीआर-3बी भरायचा शेवटचा दिवस. आणि सकाळी कळतं की एका नोडची सिस्टीम डिस्क गेली!

सिस्टीम डिस्क म्हणजे सर्व्हर ज्या डिस्कवरून सुरू होतो ती. डिस्क काढून दुसरी लावणं दहा मिनिटांचं काम आहे. नुकसान होतं ते आधी-नंतरच्या घाईत. म्हणून क्रम समजून घेऊया.

पहिला प्रश्न: धंदा चालू आहे का?

क्लस्टरमध्ये प्रत्येक नोडचं एक मत असतं. निर्णयासाठी बहुमत लागतं, त्याला कोरम म्हणतात. तीनपैकी एक नोड पडला तरी दोन मतं उरतात, काम चालू राहतं. पण आता तुमच्याकडे शिल्लक काहीच नाही. आणखी एक नोड बंद झाला की कोरम गेला. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत उरलेल्या दोघांना हात लावायचा नाही. अपडेट नाही, रीस्टार्ट नाही. आधी बॅकअप आहे का ते बघा.

दुसरा प्रश्न: डिस्क एक होती की जोडी?

इथे दोन रस्ते फुटतात.

रस्ता 1: झेडएफएस मिरर, म्हणजे डिस्कची जोडी

एक डिस्क गेली तरी नोड चालूच असतो, फक्त पूलची स्थिती 'डिग्रेडेड' दिसते. मग असं करा:

1. त्या नोडवरची मशीन्स दुसऱ्या नोडवर हलवा.
2. खराब डिस्कचा सिरीयल नंबर लिहून घ्या आणि डिस्कवरच्या लेबलशी जुळवा. एसडीए, एसडीबी या नावांवर जाऊ नका, रीस्टार्टनंतर ती बदलू शकतात. चुकून चांगली डिस्क ओढली तर संपलंच!
3. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नको. लेबलवर दोन्ही 480 जीबी असल्या तरी प्रत्यक्ष आकार थोडा कमी निघाला, तर झेडएफएस ती घेत नाही.
4. चांगल्या डिस्कचा पार्टिशन टेबल नव्या डिस्कवर कॉपी करा आणि ओळख क्रमांक नवे करून घ्या. कॉपीची दिशा दोनदा तपासा. उलटी झाली तर चांगल्या डिस्कचा टेबल पुसला जाईल.
5. 'झेडपूल रिप्लेस' कमांडने नवं पार्टिशन पूलमध्ये घ्या आणि रिसिल्व्हर पूर्ण होऊ द्या. तोवर वाट बघायची.
6. नव्या डिस्कवर बूटलोडर बसवा. प्रॉक्समॉक्सचं बूट टूल त्यासाठीच आहे.

सहावी पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. पूल 'ऑनलाईन' दिसतो, सगळे खूश. पुढे कधीतरी दुसरी डिस्क जाते, आणि सर्व्हर सुरूच होत नाही, कारण नव्या डिस्कवर बूटलोडर नव्हताच.

रस्ता 2: एकच डिस्क होती

आता नोड पूर्ण गेला. पण मशीन्सच्या कॉन्फिगरेशन फाईल्स प्रत्येक नोडवर असतात, त्यामुळे त्या वाचल्या. हाय अव्हेलेबिलिटी चालू असेल आणि मशीनच्या डिस्क सामायिक स्टोरेजवर असतील, तर काही मिनिटांत मशीन्स दुसऱ्या नोडवर सुरू होतात. रेप्लिकेशन वापरत असाल तर शेवटच्या कॉपीनंतरचं काम जातं. नेहमीची सेटिंग 15 मिनिटांची असते.

हाय अव्हेलेबिलिटी नसेल तर फाईल्स हाताने चालू नोडच्या फोल्डरमध्ये हलवाव्या लागतात. त्याआधी पडलेला नोड खरंच बंद आहे ना, हे केबल काढून पक्कं करा. एकच मशीन दोन ठिकाणी सुरू झालं तर डेटा खराब होतो.

आणि मशीनच्या डिस्कसुद्धा त्याच सिस्टीम डिस्कवर होत्या, रेप्लिकेशनही नव्हतं? मग बॅकअपशिवाय इलाज नाही. क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे, हे लिहून ठेवा.

पुढचा क्रम असा: चालू नोडवरून 'डेलनोड' कमांडने जुना नोड क्लस्टरमधून काढा. नवी डिस्क लावा, प्रॉक्समॉक्सची तीच आवृत्ती नव्याने बसवा, नेटवर्क सेट करा आणि मग नोड पुन्हा जोडा. जोडताना त्यावर एकही मशीन नको. ब्रिजचं नाव पूर्वीचंच ठेवा, नाहीतर मशीन्स इथे सुरू होणार नाहीत.

जुनी डिस्क मध्येच 'चालू झाली वाटतं' म्हणून परत लावायची नाही! क्लस्टरमधून काढलेला नोड जुन्याच इन्स्टॉलेशनसह त्या नेटवर्कवर आला तर गोंधळ होतो, आणि तो निस्तरणं अवघड असतं.

आजच विचारून ठेवा

हे काम बहुतेक तुमचा आयटीवाला करेल. पण मालक म्हणून त्याला हे चार प्रश्न विचारा:

- प्रत्येक नोडची सिस्टीम डिस्क एक आहे की जोडी?
- डिस्क बिघडायला लागली तर ईमेल कोणाला येतो? तो कोणी वाचतं का?
- योग्य आकाराची एक डिस्क कपाटात शिल्लक आहे का?
- नेटवर्क सेटिंगची कॉपी सर्व्हरच्या बाहेर कुठे आहे?

चारही उत्तरं लगेच मिळाली तर छान. एखाद्यावर 'बघून सांगतो' आलं, तर ते 19 तारखेच्या आत बघून घ्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!