पिल्लाचा घास केवढा?

चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत बाबूराव टक्केकरांनी शाळेतच सर्पशाळा उभी केली. अशा ठिकाणी साप दूध पीत नाही, हे पटलं की पुढचा प्रश्न येतो: सापाचं पिल्लू खातं तरी केवढं?

धामणीचं पिल्लू छोटे बेडूक, पाली धरतं. मोठ्या उंदराच्या वाटेला ते अंग भरल्यावरच जातं. साप चावत बसत नाही, सबंध गिळतो. म्हणून भक्ष्य त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढंच असावं, हा साप सांभाळणाऱ्यांचा जगभरचा ठोकताळा. खालच्या जबड्याचे दोन्ही भाग लवचीक बंधाने जोडलेले असतात. एक बाजू धरून ठेवते, दुसरी पुढे सरकते. श्वासनलिकेचं तोंडही पुढे येतं, म्हणून गुदमरत नाही. किती सुंदर रचना! पण घास फारच मोठा झाला, तर पिल्लू तो ओकतं आणि अशक्त होतं.

आपल्याकडचे साप घरी पाळायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मनाई करतो. पिल्लू सापडलं तर वनखात्याला कळवा.