सड्यावरचा भेक, झाडावरचा शेकरू

निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेच्या लाल यादीत शेकरू या मोठ्या खारीबद्दल फारशी चिंता नाही आणि आंबोली टोड हा भेक मात्र ‘अतिसंकटग्रस्त’. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत दोघंही राहतात. गंमत अशी, की जूनमध्ये तिथं गेलात तर शेकरूसाठी मान दुखेपर्यंत वर बघत बसावं लागेल आणि टोड पायाखाली येईल. ही यादी नुसती डोकी मोजत नाही. प्राणी किती जागेत पसरलाय आणि ती जागा किती टिकेल, हेही बघते.

टोडची जागा म्हणजे आंबोलीच्या आसपासचा सडा, जांभ्या खडकाचं उघडं पठार. जेमतेम अंगठ्याएवढा हा भेक, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात ‘टायगेरिना’. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. पाऊस लागला की खडकातल्या उथळ खळग्यांत पाणी साचतं आणि मादी त्यातच अंडी घालते. आपल्या अंगणातला नेहमीचा भेक हजारोंनी अंडी घालतो. हिची काही डझनच. चार दिवस पावसानं दडी मारली, की खळगा सुकतो आणि डिंभ मरतात. त्यात रस्ता सड्याला खेटून जातो. धबधबा बघायला आलेल्यांना सडा ही गाडी लावायची मोकळी जागा वाटते. तिथं काही राहतं, हे सांगूनही पटत नाही.

शेकरूही भरमसाट वाढणारा नव्हे. एका वेळी एखाद-दोन पिल्लं. पण सह्याद्रीपासून मध्य भारतापर्यंत त्याचा पसारा आहे. शिवाय राज्यप्राण्याचा मान, आणि भीमाशंकरला 1985 पासून अभयारण्य. त्याला हवेत एकमेकांना भिडलेले झाडांचे शेंडे, कारण तो जमिनीवर क्वचितच उतरतो.

हे शेंडे एकमेकांपासून तुटले, की काय होतं हे वडोदऱ्याच्या वाचकांना फार लांब जाऊन बघायला नको. दक्षिण गुजरातेतल्या डांगच्या जंगलात शेकरूचा एक फिकट, पांढुरका प्रकार होता. ब्लॅनफर्डनं 1897 मध्ये त्याला ‘डीलबाटा’ हे नाव दिलं. तो आता नामशेष झाल्याचं मानलं जातं. लाल यादीत शेकरू मात्र आजही निर्धास्त आहे, कारण ती अख्ख्या जातीचा हिशेब मांडते, एकट्या डांगचा नाही.