आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मित्रांनो, गाडीतून तेल गळतंय म्हटलं की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो. सील बदला, पॅकिंग बदला, वरून सिलिकॉन पेस्ट फासा. धुळ्याला मुंबई-आग्रा हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये आम्हीही तेच केलं, आणि तेही तीन वेळा!

गाडी मित्राची. जुनी मारुती एस्टीम, १२९८ सीसी, मोकळ्या मैदानावरच्या ऑटोक्रॉससाठी तयार केलेली. मूळ एअर फिल्टरचा डबा काढून आम्ही जळगावहून आणलेला आफ्टरमार्केट कोन फिल्टर बसवला. आवाज एकदम झकास! पण महिन्याभरात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल यायला लागलं. तिथे क्रँकचं मागचं ऑइल सील असतं. सील स्वस्त, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी महाग. नाही बदललं तर तेल क्लच प्लेटवर जाऊन क्लच घसरतो. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर आग लागू शकते. ट्रॅकवर सांडलं तर मागून येणाऱ्याची गाडी घसरते. म्हणजे प्रश्न फक्त आपल्या खिशाचा नाही.

गंमत अशी, की गॅरेजमध्ये अर्धा तास इंजिन चालू ठेवलं तरी एक थेंब नाही. मैदानावर चार फेऱ्या मारल्या की खाली डबकं! मिस्तरी काका म्हणाले, "तेल वरतून खाले येस भाऊ, वर दख." मग इंजिन डिझेलने धुतलं, कोरडं केलं आणि सगळीकडे टाल्कम पावडर मारली. फेऱ्या मारून बघतो तर टॅपेट कव्हर, पुढचं सील, मागचं सील, तिन्हीकडे पावडर ओली. तिन्ही सील नवी कोरी, आणि तिन्ही एकदम खराब? म्हणजे दोष सीलचा नव्हता, आतून कोणीतरी तेल ढकलत होतं.

ते कसं? पिस्टन रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. हा वायू बाहेर काढायला दोन वाटा असतात. पहिली पीसीव्ही व्हॉल्व्हची. कमी थ्रॉटलला इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम त्या वाटेने वायू ओढून घेतो आणि तो सिलिंडरमध्ये जळून जातो. पण पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम जवळजवळ शून्य होतो आणि ब्लो-बाय मात्र वाढतो. तेव्हा कामाला येते दुसरी वाट, टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणारा ब्रीदर पाइप.

आणि डबा तर आम्ही काढून टाकला होता! पाइप लोंबकळत होता म्हणून त्याच्या तोंडात आम्हीच बोल्ट ठोकून क्लिप आवळली होती. आता कळलं, की गॅरेजमध्ये गाडी शहाणी आणि मैदानावर वेडी का व्हायची!

खात्री करायला फ्लुइड मेकॅनिक्सचा मॅनोमीटर कामी आला. पारदर्शक नळी यू आकारात वाकवली, तिच्यात रंगीत पाणी भरलं, एक टोक डिपस्टिकच्या भोकाला जोडलं आणि नळी डॅशबोर्डवर चिकटवली. आयडलला पाणी इंजिनकडे ओढलं जायचं, पूर्ण थ्रॉटलला उलट दिशेला ढकललं जायचं. क्रँकचं सील हे उडालेलं तेल अडवायला असतं, दाब सांभाळायला नाही.

रिंगा झिजल्या असत्या तरी असाच दाब वाढला असता, म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट केली. चारही सिलिंडर ठीक निघाले. मग बोल्ट काढला आणि ब्रीदर पाइप कॅच टँकमध्ये सोडला. टँकच्या तोंडाला छोटा फिल्टर लावला, कारण कमी थ्रॉटलला त्याच पाइपने इंजिन हवा आत ओढतं. एफआयएच्या नियमांतही उघड्या ब्रीदरसाठी २००० सीसीपर्यंतच्या गाडीला किमान २ लिटरचा टँक सांगितला आहे. चौथ्यांदा सील बदललं आणि गळती बंद!

पूर्वीच्या गाड्यांमध्ये हा वायू सरळ रस्त्यावर सोडायचे. कॅलिफोर्नियात धुरकं वाढलं तेव्हा १९६१ च्या मॉडेलपासून तिथल्या गाड्यांना पीसीव्ही आला. म्हणजे तो पाइप प्रदूषण रोखायला आला, पण जाता जाता आपली सीलंही सांभाळतो.

तेव्हा मित्रांनो, आफ्टरमार्केट पार्ट जरूर लावा. पण जुना पार्ट काढताना त्याला किती पाइप जोडलेले होते आणि ते काय करत होते, हे आधी वहीत लिहून ठेवा. आम्ही ते केलं असतं, तर तीन सीलं आणि तीन वेळची मजुरी वाचली असती!